माळ्यावरची मोटार

जुन्या घराचा माळा झाडावयास काढला म्हणजे त्या घराची खरी ओळख पटते, असें आमचें मत पूर्वींपासूनच होतें. गेल्या वैशाखांत त्याचा प्रत्यय आम्हांस घरबसल्या आला. जुन्या नाशकांतला, गोदावरीच्या कांठापासून हाकेच्या अंतरावरचा आमचा वाडा आतां उतरवावयाचा ठरला आहे. भिंती फुगल्या, तुळयांना वाळवी लागली, आणि चार बिऱ्हाडांना चार न्हाणीघरें हवींशीं वाटूं लागलीं; यांत कोणा एकाचा दोष म्हणतां येणार नाहीं. तथापि वाडा उतरविण्यापूर्वीं तो रिकामा करावा लागतो, आणि चार पिढ्यांनीं 'असूं दे, लागेल कधीं तरी' म्हणून वर टाकलेलें सामान खालीं आणणें हें काम वाडा पाडण्याहून अवघड आहे.

त्या माळ्यावरून काय निघालें नाहीं? तांब्याचीं दोन घंगाळें, एक पाय मोडलेला पाळणा, पोथ्यांचीं बासनें, आणि १९६९ सालच्या महापुरांत रामकुंडावरचा दुतोंड्या मारुती पुरता बुडाला तेव्हां घाईघाईनें वर चढविलेलीं व पुढें कोणीच खालीं न आणलेलीं धान्याचीं पिंपें. आमचे आजोबा वैद्यकी करीत. त्यांचा खल, त्यांचा तराजू आणि औषधांची पेटी एका कोपऱ्यांत होती, आणि तिला लागूनच पत्र्याची एक लहान ट्रंक होती. तिला कुलूप होतें. किल्ली कोठें आहे हें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत शिकते. तिनें पकड घेऊन कोयंडाच उपटला.

ट्रंकेंत पुठ्ठ्याचें एक खोकें निघालें. त्यावर उघड्या टपाच्या, लांबलचक नाकाच्या एका हिरव्या मोटारीचें चित्र होतें आणि 'एअरफिक्स' हें नांव होतें. आंत प्लॅस्टिकची अर्धवट जोडलेली एक मोटार, वीतभरहि नसलेली, आणि तिच्या भोंवतीं कागदाच्या पुड्याच पुड्या. पुड्यांची घडी आमच्या चांगल्या ओळखीची. आजोबा ज्या पद्धतीनें सितोपलादि चूर्णाच्या पुड्या बांधीत, तीच ही पद्धत, असें घरांतल्या सर्व वडील माणसांनीं एकमुखानें सांगितलें. साठ वर्षांचें चूर्ण ठेवून काय करावयाचें, म्हणून आम्ही त्या केरांत टाकणार, तोंच पुतणीनें एक पुडी उघडली. आंत चूर्ण नव्हतें. एक लहानसें चाक होतें.

मग सर्वच पुड्या उघडल्या. प्रत्येकीचा कागद जुन्या पंचांगाच्या पानाचा, आणि प्रत्येकीवर आजोबांच्या वळणदार अक्षरांत लिहिलेलें: 'चाकें दोन', 'दिवा', 'पुढील आंस', 'सुकाणूचें चक्र'. खोक्याच्या झांकणाला आंतून एक चिठ्ठी डकविलेली होती. तीवर एवढेंच होतें: 'चि. नानाचें. परीक्षेनंतर देणें.'

आमच्या मातुश्रींचें वय आज पंच्याऐंशीच्या घरांत आहे; त्या १९६१ सालच्या वैशाखांत या घरांत सून म्हणून आल्या. ती चिठ्ठी वाचून त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं जें सांगितलें तें थोडक्यांत असें. आमचे थोरले काका त्या वेळीं शिक्षणासाठीं विलायतेस होते. त्यांनीं धाकट्या भावास, म्हणजे नानाकाकांस, बोटीच्या टपालानें हें खोकें पाठविलें. नानाकाका तेव्हां पंधरा वर्षांचे. दिवाळीच्या सुट्टींत त्यांनीं मोटार जोडावयास घेतली आणि त्या नादांत गणिताच्या सहामाहींत नापास झाले. आजोबांचा संताप अनावर झाला. त्यांनीं खोकें उचललें, आणि 'ही तुझी गाडी मीं गोदेंत सोडली असें समज' म्हणून ते बाहेर पडले. पुढें माघ महिन्यांत, शालान्त परीक्षेच्या आधींच, आजोबा तीन दिवसांच्या तापानें गेले. नानाकाका परीक्षेस बसले आणि उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाले. पण त्या मोटारीचें नांव त्यांनीं पुन्हां कधीं काढलें नाहीं.

'मामंजींनीं गाडी खरोखरीच नदींत टाकली, असें नाना भावोजी आजवर समजून आहेत,' मातुश्री म्हणाल्या. 'मीहि तसेंच समजत होतें.'

नानाकाका त्या दिवशीं पुण्यास मुलीकडे गेले होते. ते आठ दिवसांनीं परत यावयाचे होते. आम्हांस लगेच कल्पना सुचली कीं, ते येण्याच्या आंत ती मोटार पूर्ण करून त्यांच्या पुढ्यांत ठेवावी. पुतणीनें कांचकागदहि काढला. परंतु मातुश्रींनीं आम्हांस अडविलें. 'ज्याची वस्तु त्याला विचारल्याखेरीज तिला हात लावूं नका. एकदां एवढें नुकसान झालें तेवढें पुरे.' वडिलांच्या शब्दापुढें इलाज नव्हता; म्हणून त्या आठ दिवसांत आम्हीं या विद्येचा अभ्यास मात्र केला. त्याचें फळ वाचकांपुढें ठेवतों. कारण ज्यांचे आप्त पूर्वीं परदेशीं गेले होते अशा अनेक घरांच्या माळ्यांवर असें एखादें खोकें असण्याचा संभव आहे.

प्लॅस्टिकचे भाग जोडून प्रतिकृति करण्याचा हा उद्योग वाटतो तितका अलीकडचा नाहीं. इंग्लंडांत १९३६ सालीं 'फ्रॉग' या नांवानें विमानांचे असे संच प्रथम विक्रीस आले. एअरफिक्स ही कंपनी १९३९ सालीं निकोलस कोव्ह नांवाच्या हंगेरियन गृहस्थानें लंडनमध्यें काढली. आरंभीं ती रबरी खेळणीं करी. पुढें तिनें कंगवेहि केले. १९४९ सालीं फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना दाखवावयास म्हणून तिनें त्या ट्रॅक्टरची प्रतिकृति केली आणि पुढें ती सुट्या भागांत विकली. १९५२ सालीं 'गोल्डन हाइंड' या जहाजाचा संच आला, आणि तेथून विमानें, जहाजें व जुन्या मोटारी यांच्या मालिका सुरू झाल्या. अमेरिकेंत एएमटी या कंपनीनें १९४८ पासून मोटारविक्रेत्यांसाठीं नमुन्याच्या लहान मोटारी केल्या, आणि १९५८ पासून मुलांना स्वतः जोडतां येतील असे मोटारींचे संच काढले. जपानांत शिझुओका येथील तामिया कंपनीनें १९६० नंतर या कलेंत असें नांव मिळविलें कीं, आज तिचे भाग एकमेकांत बसतात तसे इतरांचे क्वचितच बसतात.

आमच्या खोक्यांतली मोटार १९३० सालची बेंटले होती. साडेचार लिटरच्या एंजिनाची, आणि रेडिएटरच्या पुढें हवा दाबून भरणारा पंखा बसविलेली. हा पंखा बेंटले यांना स्वतःस मुळींच पसंत नव्हता. सर हेन्री बर्किन या शर्यतबहाद्दरानें आग्रह धरून तो बसवून घेतला. १९३० च्या ल मॉंच्या शर्यतींत बर्किनची गाडी वेगानें धांवली खरी, पण ती शेवटपर्यंत टिकली नाहीं. शर्यत जिंकली ती पंखा नसलेल्या दुसऱ्या बेंटलेनें. त्याच वर्षीं पॉ येथील फ्रेंच ग्रांप्रीमध्यें मात्र बर्किननें याच जातीच्या गाडीवर दुसरा क्रमांक पटकाविला. पुढल्याच वर्षीं बेंटले कंपनी रोल्स-रॉइसच्या हातीं गेली. अशी ही नांवाजलेली गाडी. खऱ्या गाडीच्या दोन आंसांतलें अंतर १० फूट १० इंच. खोक्यांतल्या गाडीचें त्याच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढें, म्हणजे चार इंचांहून किंचित् अधिक. सर्व मापें याच एका प्रमाणानें लहान केलेलीं असतात. खेळणें आणि प्रतिकृति यांत भेद तो एवढाच.

खोक्यांतून मोटार येते हें ऐकून कोणी हंसूं नये. आपल्या देशांत खऱ्या मोटारीहि कित्येक वर्षें खोक्यांतूनच येत होत्या. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें कारखाना काढला, तो परदेशांतून आलेले सुटे भाग जोडण्यासाठीं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्यास प्रथम अमेरिकन गाड्या आणि पुढें फियाट अशाच जोडल्या. महिंद्रा कंपनीनें १९४७ सालीं विलीस जीपगाड्यांची जोडणी मुंबईंतच सुरू केली. आज तिचा मोठा कारखाना आमच्या नाशकांत सातपुरास आहे. प्रथम जोडावयाचें, मग एक एक भाग स्वतः करावयास शिकावयाचें, असाच सर्वत्र क्रम दिसतो. हाच क्रम ओझरच्या विमानाच्या कारखान्यानें पाळला. १९६४ सालीं हिंदुस्थान एरोनॉटिक्सची स्थापना झाली आणि मिग-२१ विमानांचे सांगाडे करण्याचें काम ओझरकडे आलें. तीं विमानेंहि आरंभीं रशियांतून आलेल्या सुट्या भागांतून उभीं राहिलीं. आमच्या नानाकाकांनीं त्याच कारखान्यांत विमानांचे पंख जोडण्यांत आणि तपासण्यांत सारी नोकरी केली. मिग-२१ हीं विमानें २६ सप्टेंबर १९२५ नव्हे, २६ सप्टेंबर २०२५ रोजीं सेवेंतून निवृत्त झालीं. शतकाची अशी चूक घरांत त्या दिवशीं कोणी तरी केली, आणि नानाकाका तेवढ्यापुरते हंसले. एरवीं ते दिवसभर गप्पच होते.

आतां प्लॅस्टिकविषयीं. हे संच बहुतेक पॉलिस्टायरीन नांवाच्या प्लॅस्टिकचे असतात. वितळलेलें प्लॅस्टिक पोलादी साच्यांत मोठ्या दाबानें भरतात. साचा करणें अतिशय खर्चाचें. म्हणून एकच साचा वर्षानुवर्षें चालतो आणि कंपनी बुडाली तरी तो दुसरीच्या हातीं जातो. एअरफिक्स १९८१ सालीं बुडाली, १९८६ सालीं हम्ब्रोलकडे गेली, आणि २००६ पासून हॉर्नबीकडे आहे. तरी तिचे कित्येक जुने साचे मधून मधून पुन्हां वापरांत येतात. जुन्या अमेरिकन नमुन्याच्या मोटारी मात्र अॅसिटेट नांवाच्या प्लॅस्टिकच्या असत; त्या काळानें वांकड्या होतात, आणि त्यांवर उपाय जवळ जवळ नाहीं.

पॉलिस्टायरीन जोडण्याचा जो द्रव असतो, त्यास आपण गोंद म्हणतों तें चुकीचें आहे. खळ किंवा गोंद दोन कागदांच्या मध्यें राहून त्यांस धरून ठेवतो. हा द्रव तसें करीत नाहीं. तो दोन्ही कडा क्षणभर वितळवितो, त्या एकमेकींत मिसळतात, आणि द्रव उडून गेल्यावर दोहोंचा एकच तुकडा होतो. तांबट भांड्यास डाख देतो त्याच्याशींहि याचें साम्य पुरतें नाहीं, कारण डाखांत तिसरी धातु असते. म्हणूनच जुना जोड ओढून उघडूं नये. मोडेल तो जोडाच्या शेजारीं. पातळ पात्याची धार सांध्यांत हलके हलके फिरवीत न्यावी. नखांचा रंग काढण्याचा द्रव घरांत सहज मिळतो, पण त्यांतल्या अॅसिटोननें सबंध मोटार विरघळून जाईल. तो जवळहि आणूं नये.

डागडुजीचा क्रम असा. प्रथम सर्व भाग कोमट पाण्यांत सौम्य साबणानें किंवा रिठ्याच्या पाण्यानें, मऊ दांतघांसणीनें धुवावे आणि सावलींत वाळवावे. हात धुण्याच्या मोरीला जाळी लावून ठेवावी, नाहीं तर एखादा दिवा कायमचा गटारांत जातो. वांकलेला भाग गरम पाण्यांत थोडा वेळ धरून बोटांनीं सरळ करावा. पाणी उकळतें नसावें, कारण शंभर अंशांच्या आसपास हें प्लॅस्टिक मऊ पडून आकार सोडतें. जुना तैलरंग काढावयाचा तर मोटारीच्या ब्रेकचें तेल कामास येतें. मात्र हातमोजे घालावे, खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि हें काम मुलांवर सोंपवूं नये. सांधा दाबून धरण्यास कपडे वाळत घालण्याचे चिमटे आणि रबरी पट्ट्या पुरतात. फटींत लांबी भरावी, ती पूर्ण वाळूं द्यावी, मग बारीक कांचकागद ओला करून घांसावें. रंग एकदम जाड देण्यापेक्षां तीन पातळ हात द्यावे. भाग ज्या चौकटीला चिकटून येतात तिच्या दांड्या फेंकूं नयेत. ती दांडी मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीस न लागूं देतां, फिरवीत तापविली आणि ओढली, तर केसासारखी तार निघते आणि तुटलेली दांडी वा मूठ तिची करतां येते. हें प्लॅस्टिक पेट घेतें, म्हणून जवळ पाण्याचें भांडें असावें. ज्या संचांना मऊ रबरी टायर असतात, त्यांचे टायर प्लॅस्टिकच्या चाकांवर चढवून वर्षानुवर्षें ठेवूं नयेत. टायरमधला मऊपणा देणारा तेलकट पदार्थ पाझरून चाकास खातो.

एवढें ज्ञान मिळवून आम्ही सज्ज झालों आणि भिंगानें ती अर्धवट मोटार न्याहाळली. डाव्या बाजूस, दाराच्या मागें, एक डाग होता. द्रव जास्त झाला होता, प्लॅस्टिक मऊ पडलें होतें, आणि त्यांत अंगठा उमटला होता. पंधरा वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याच्या रेषा त्यांत जशाच्या तशा राहिल्या होत्या. तो डाग घांसून काढावा, असें पुतणीचें म्हणणें. तो कदापि घांसूं नये, असें आमचें. जुनी पैठणी रफू करतांना मूळ पदर कोणी कापून टाकतो काय, असें आम्हीं तिला विचारलें. घरांत दोन पक्ष पडले. आमच्या वहिनीसाहेब आमच्या बाजूस होत्या. बंधु आपल्या कन्येच्या. मातुश्री कोणत्याच पक्षांत नव्हत्या.

नवव्या दिवशीं नानाकाका आले. आम्हीं त्यांच्यासमोर खोकें ठेवलें. त्यांनीं झांकणावरचें चित्र पाहिलें, आणि चष्मा काढून पुसला. मग आम्हीं उघडून पुन्हां तशाच बांधून ठेवलेल्या पुड्या त्यांनीं एकेक करून हातांत घेतल्या. त्यांच्या हातांना हल्लीं कंप आहे. तरी त्यांनीं पुडी सोडवावयास कोणास दिली नाहीं. कागद न फाडतां, घडी जशी घातली तशी उलट उलगडीत, त्यांनीं सर्व पुड्या उघडल्या. शेवटीं झांकणाच्या आंतली चिठ्ठी त्यांनीं वाचली.

'हीं पंचांगाचीं पानें पुढल्या वर्षाचीं आहेत,' ते म्हणाले.

आम्हांस अर्थ कळला नाहीं. त्यांनीं पान दाखविलें. आम्हीं आठ दिवसांत अक्षर पाहिलें, घडी पाहिली. पण पान कोणत्या सालचें तें पाहण्याचें आमच्यांतल्या कोणास सुचलें नव्हतें. शके १८८४. म्हणजे १९६२ च्या चैत्रापासूनचें. आजोबांनीं वैद्यकीसाठीं नवें पंचांग आधींच विकत आणलें होतें, आणि त्याचीं पानें फाडून या पुड्या बांधल्या होत्या. ज्यानें जुनें पंचांगहि कधीं केरांत टाकलें नाहीं, त्या माणसानें नवें पंचांग फाडावें! जुनीं रद्दी पानें घरांत ढीगभर असतांना त्यांनीं असें कां केलें असावें, हें आज कोण सांगणार? नवा कागद कोरा आणि स्वच्छ, त्यानें प्लॅस्टिकवर ओरखडा उठणार नाहीं, एवढें एक कारण आम्हांस दिसतें. औषध कशांत बांधावें हें वैद्यास कळतें.

नानाकाका उठून आंत गेले. ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहींत, आणि आम्हीं कोणीं हांक मारली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते आंघोळ करून, चहा घेऊन, ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, 'आण ग ती गाडी.' पुतणीनें ती पुढें ठेवली. आम्हीं लगबगीनें अंगठ्याचा डाग दाखविला आणि तो तसाच ठेवण्याविषयींचें आमचें सर्व विवेचन, पैठणीच्या दृष्टांतासह, त्यांना ऐकविलें. त्यांनीं भिंग घेऊन डाग पाहिला.

'असा सांधा आमच्या कारखान्यांत मीं पुढें जाऊं दिला नसता,' ते म्हणाले. 'घांसून टाका.'

आम्ही चाट पडलों. पुतणी हंसली. मग त्यांनींच तिच्या हातचा कांचकागद मागून घेतला. जोडण्यास हात स्थिर लागतो. घांसण्यास तितका लागत नाहीं. तासभर पाण्याचा हात लावीत त्यांनीं स्वतःच तो अंगठा घांसून काढला, मधून मधून बोट फिरवून पाहिलें, आणि समाधान झाल्यावर मोटार पुतणीच्या हवालीं केली.

पुढले पंधरा दिवस ओसरीवर कारखाना चालला. जोडावयाचें पुतणीनें, तपासावयाचें नानाकाकांनीं. मागचा आंस तिनें बसविला तो त्यांनीं दोनदां परत काढावयास लाविला. तिसऱ्या वेळीं चारहि चाकें पाटावर एकदम टेंकलीं तेव्हां कोठें त्यांनीं मान हलविली. दिव्याच्या पुडींत दिवा एकच होता. दुसरा मिळाला नाहीं. पुतणीनें आहे त्या दिव्याचा सिलिकोन रबराचा साचा घेतला आणि त्यांत राळेसारखें घट्ट होणारें रसायन ओतून जोडीचा दिवा केला. तो मुळाहून किंचित् लहान झाला आहे; माहीत असल्याखेरीज लक्षांत येत नाहीं. नानाकाकांच्या तें लगेच लक्षांत आलें, पण हा सांधा मात्र त्यांनीं पुढें जाऊं दिला. गडद हिरव्या रंगाचे तीन हात झाले. शेवटचें चाक बसवावयाचें होतें तेव्हां पुतणीनें चिमटा त्यांच्या हातीं दिला. त्यांचा हात थरथरत होता. तिनें आपला हात खालून आधारास धरला, आणि चाक बसलें.

आतां आम्हांस जें सांगावयाचें तें एवढेंच. जुनी वस्तु दुरुस्त करूं लागलें म्हणजे तिच्यावरची कोणती खूण राखावी आणि कोणती पुसावी हा प्रश्न प्रत्येक वेळीं येतो. पुण्यास कोथरूडमध्यें १ एप्रिल १९९८ रोजीं सुरू झालेलें जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना ठाऊक आहे कीं एका माणसाचा छंद नीट जपला तर तो पुढें शेंकडों मुलांच्या उपयोगीं पडतो. तेथें सारें कांहीं चालतें, स्वच्छ आणि नवें ठेवावें लागतें. याच्या उलट, ज्याच्या हाताचा तो पहिला प्रयत्न, तो आज नसेल, तर त्याचा डाग राखणें हेंच योग्य असेंहि आम्ही म्हणूं. परंतु वस्तूचा धनी समोर बसला असतां ही निवड आपण करूं नये. आम्ही अंगठ्याच्या रेषा जपावयास निघालों होतों. नानाकाकांना स्वतःच्या पंधराव्या वर्षाची ती चूक जपावयाची नव्हती. त्यांनीं दुसरेंच कांहीं राखलें.

पुड्यांचे ते सगळे कागद त्यांनीं उशीखालीं ठेवून सरळ केले. मग जुन्या घड्यांवरूनच त्यांनीं पुन्हां रिकाम्या पुड्या बांधल्या. 'चाकें दोन', 'दिवा', 'पुढील आंस', सर्व. त्या पुड्या त्या खोक्यांत, खोकें त्या ट्रंकेंत, आणि ट्रंक आतां भाड्याच्या जागेंत त्यांच्या खाटेखालीं आहे. कुलूप लाविलेलें नाहीं. मोटार आजोबांच्या औषधांच्या पेटीवर ठेविली आहे. संध्याकाळीं नानाकाका फिरून आले म्हणजे तिच्यावरची धूळ मऊ कुंचल्यानें झाडतात. कोणी पाहुणा आला तर 'वडिलांनीं दिलेली' एवढेंच सांगतात.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरचे माळे यंदा रिकामे व्हावयाचे असतील, त्यांना आमची विनंति आहे. सामान खालीं उतरविण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत वडील माणसास एक खुर्ची देऊन अंगणांत बसवावें, आणि प्रत्येक वस्तु केरांत जाण्याआधीं त्यांच्या डोळ्यांखालून जाऊं द्यावी. काम दुप्पट लांबेल. आमचेंहि लांबलें. पुड्या मात्र उघडून पाहाव्या.